भावनांवर पीएचडी करायचीये? मग आधी गावातले शब्द गोळा करा

जळगाव-धुळ्याकडची बरीच पोरं विचारतात की ताई, सोशल सायकॉलॉजीत भावनांचा अभ्यास करून प्राध्यापक व्हायचं तर करायचं काय. आधी एक पक्कं करा, हे काउन्सेलिंग नाहीये. इथे कुणाला बरं करायचं नसतं, चारचौघांत असताना माणसाला राग, लाज, अभिमान कसा येतो आणि मग तो वागतो कसा, हे बघायचं असतं.

बीए, सायकॉलॉजीत एमए, मग नेट नाहीतर सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीच्या पात्रता परीक्षा. नेटला पहिल्या पेपरात 50 अन् दुसऱ्यात 100 प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. नेटमधूनच जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, निघाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 मिळतात. एमएला असतानाच स्टॅटिस्टिक्स नीट करा, त्यासाठीचं आर सॉफ्टवेअर फुकट आहे, विकतच्या एसपीएसएससाठी अडून बसू नका.

आता खरं काम. बहुतेक जण इंग्रजी प्रश्नावली उचलतात, मराठी करतात आणि वाटत सुटतात. मीही तेच केलं होतं. पॅनास नावाची भावना मोजायची 1988 ची स्केल आहे, 20 शब्द, 10 चांगल्या भावनांचे अन् 10 वाईट, त्यात 'अशेम्ड' वाईटात मोडतो, मी सरळ 'लाज वाटली' लिहून टाकलं. रावेरकडच्या एका आजीने केळीच्या बागेच्या बांधावर बसून त्याला पाचपैकी पाच दिले अन् म्हणाली, लाज तं पाह्यजेच ना ताई, लाज सोडली तं राह्यलं काय! तिच्यासाठी लाज म्हणजे मर्यादा, चांगला गुण, आणि माझ्या तक्त्यात ती दुःखी निघाली. नंतर वाचलं तर मेनन आणि श्वेडर या संशोधकांनी 1994 मध्ये ओडिशातल्या बायकांच्या 'लज्जे'बद्दल हेच मांडलेलं. आधी वाचलं असतं तर माझे सहा महिने वाचले असते.

म्हणून प्रश्नावली मराठीत केली की दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्या, मग दहा जणांना मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येक शब्दाला विचारा, असं शेवटचं कधी वाटलं होतं? ते जो प्रसंग सांगतील तो त्यांच्याच बोलीत, अहिराणी असो की लेवा, वहीत जसाच्या तसा उतरवा, शुद्ध करत बसू नका. गाईडकडे जाताना सिनॉप्सिससोबत, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यासोबत, ही वही न्या. आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी, डेटा नंतर.

वही भरायला आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, बेस्ट, लेकी माहेरी आलेल्या असतात, आजी, आई, लेक तिघी एकाच ओट्यावर भेटतात आणि एकाच शब्दावरून तिथेच वाद घालतात, तो वाद सगळा लिहून घ्या.