डबल एक्सलचा कॅरॅव्हॅन ट्रेलर काळ्या जमिनीवर समतल कसा करावा

कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचा राहता ट्रेलर, समतल करण्याविषयी जे काही सांगितले जाते, त्यातील बहुतेक सल्ला पक्क्या ओट्यावर उभ्या असलेल्या, एकाच एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) हलक्या गाडीला लागू पडतो. खानदेशात मुक्काम पडतो तो केळीच्या बागेलगतच्या पडीक तुकड्यात, कपाशी उपटून मोकळ्या झालेल्या वावरात, सारंगखेड्याच्या यात्रेला तापीकाठी, नाही तर सातपुड्याच्या पायथ्याशी मुरमाड माळावर. या जमिनी एकमेकींसारख्या वागत नाहीत आणि त्यांपैकी काळी जमीन तर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरेच वागते. म्हणून येथे ट्रेलर समतल करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो समतल राहील याची तजवीज करणेही महत्त्वाचे असते. टायरमधील हवा, ट्रेलरचा ब्रेक, सुरक्षा-साखळी आणि जागामालकाची परवानगी ही तयारी वाचकाने केलेली आहे असे मी धरून चालतो.

समतल कशासाठी, तर झोप नीट लागावी हे कारण सर्वांनाच कळते. फ्रिजचे कारण मात्र अनेकांच्या गावी नसते. गॅसवर चालणाऱ्या अ‍ॅबसॉर्प्शन फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. त्यातील अमोनिया आणि पाण्याचे द्रावण उष्णतेने वर चढते व आपल्या वजनाने खाली परतते. ट्रेलर फार कलला तर द्रावण नळ्यांत भलत्याच जागी साचते, तापणाऱ्या भागाकडे ते परतत नाही आणि तसाच चालू ठेवलेला फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. अशा फ्रिजसाठी आडवा, म्हणजे डावी-उजवीकडचा, कल साधारण ३ अंशांच्या आत असावा लागतो, म्हणजे मीटरमागे सुमारे ५ सेंटिमीटर. कॉम्प्रेसरचा फ्रिज याबाबतीत पुष्कळ सोशिक असतो. तरीही मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, त्या दिवसांत कोणताच फ्रिज गमावणे परवडत नाही.

जागा आणि दिशा

जागा डोळ्यांनी न निवडता पहारेने निवडावी. पहार जमिनीवर उभी धरून हलकेच सोडावी. ती स्वतःच्या वजनाने वीतभर आत गेली, तर ती जागा कितीही सपाट दिसत असली तरी सोडून द्यावी. केळीच्या बागेजवळ ही परीक्षा हटकून करावी. ठिबकच्या नळ्यांमुळे तेथील जमीन वरून वाळलेली आणि भेगाळलेली दिसते, पण बोटभर पापुद्र्याखाली ती लोण्यासारखी मऊ असते. शेतात उभे राहायचे असल्यास मालकाला जुने खळे कोठे आहे ते विचारावे. वर्षानुवर्षे बडवून, सारवून घट्ट झालेल्या खळ्याइतकी चांगली जागा वावरात दुसरी मिळत नाही, आणि हिवाळ्यात भरीत-पुरीचा बेतही बहुधा तेथेच असतो, हा वेगळा लाभ. जून ते सप्टेंबर या काळात काळ्या रानात ट्रेलर नेऊच नये.

दिशेचा विचार बहुतेक जण सावली पाहून करतात. मी तो उतार पाहून करतो. तापीच्या उत्तरेला जमीन सातपुड्यापासून दक्षिणेकडे उतरत जाते, आणि नदीच्या दक्षिणेला ती सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांकडून उत्तरेकडे उतरते. स्थानिक नाले-बांध सोडले, तर ट्रेलर दक्षिणोत्तर उभा केल्यास बराचसा उतार त्याच्या लांबीच्या दिशेने येतो, आणि लांबीचा कल तोंडाकडील, म्हणजे गाडीला जोडतात त्या टोकाच्या, जॅकने पाच मिनिटांत काढता येतो. पूर्व-पश्चिम उभा केला की तोच उतार आडवा होतो आणि त्याच्याशी झगडण्यात तास जातो. दक्षिणोत्तर उभ्या ट्रेलरची एक लांब बाजू दुपारनंतर पश्चिमेच्या उन्हात तापते हे खरे आहे. तिकडे कापडी छत ताणावे आणि तो त्रास पत्करावा. तोंड शक्यतो उताराच्या बाजूला ठेवावे, कारण जॅकखाली ठोकळे रचून तोंड वर घेता येते, पण खाली घ्यायची वेळ आली आणि जॅकची चाल संपली, तर जमीन खणण्यावाचून गत्यंतर नसते.

आडवा कल: खरे काम येथेच आहे

आडवा कल ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच काढायचा असतो. हा टप्पा सुरुवातीला मलाही जड गेला आणि त्याचे कारण माझ्या हाताखालच्या फळ्यांत नसून ट्रेलरच्या पोटात होते, म्हणून ते नीट समजून घ्यावे.

डबल एक्सलच्या ट्रेलरला एका बाजूला दोन चाके असतात. कमानपाट्यांच्या बांधणीत या दोन चाकांचे पाटे मध्यभागी एका झुलत्या दुव्याला जोडलेले असतात, ज्याला इक्वलायझर म्हणतात. रस्त्यावर एक चाक उंचवट्यावर चढले की दुवा झुलतो, दुसरे चाक खाली दाबले जाते आणि भार दोघांत वाटला जातो. प्रवासात हा गुण असला, तरी मुक्कामावर तोच फसवतो. एकाच चाकाखाली ४ सेंटिमीटरची फळी सारली, तर ट्रेलरची ती बाजू ४ ऐवजी सुमारे २ सेंटिमीटरच उचलली जाते, कारण उरलेली उंची दुव्याच्या झुलण्यात जाते. मग माणसाला वाटते की फळी कमी पडली. तो दुसरी घालतो, तिसरी घालतो, आणि अखेरीस दुवा टोकाला जाऊन अडतो व त्या बाजूचा जवळजवळ सगळा भार एकाच टायरवर आणि एकाच पाट्यावर येतो. रबरी टॉर्शन एक्सल (पाट्यांऐवजी आतील रबराने धक्का सोसणारा) असेल तर असा दुवाच नसतो, आणि एक चाक उचलताच भार सरळ त्या एकट्या चाकावर जातो. “एका चाकाखाली फळी घातली की झाले” हे सांगणाऱ्याने डबल एक्सलचा ट्रेलर बहुधा खालून पाहिलेला नसतो. एका बाजूची दोन चाके हे एकच चाक आहे असे समजावे आणि दोन्ही सारख्याच उंचीवर घ्यावीत.

किती उंच घ्यायचे याचा अंदाज बांधत बसू नये. ते त्रैराशिकाने काढावे. ट्रेलर ठरलेल्या जागी उभा करून गवंडी वापरतात ती पाणसळ आत जमिनीवर आडवी ठेवावी. ओट्यावर, टेबलावर किंवा पलंगावर ठेवू नये, कारण ते स्वतःच सरळ बसवलेले असतील याची खात्री नसते. पाणसळीचा बुडबुडा मध्यावर येईपर्यंत तिचे खालचे टोक उचलावे आणि टोकाखालची फट पट्टीने मोजावी. समजा पाणसळ ६० सेंटिमीटरची आहे आणि फट दीड सेंटिमीटर आली. डाव्या व उजव्या चाकांच्या मध्यांतील अंतर १८० सेंटिमीटर असेल, तर ते पाणसळीच्या तिप्पट आहे, म्हणून खालची बाजू साडेचार सेंटिमीटर उचलावी लागेल. पाणसळ खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी तिची टोके अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवावी. बुडबुडा ट्रेलरच्या त्याच बाजूला, तितकाच सरकलेला दिसला तर ती विश्वासाची आहे. मोबाइलमधील पाणसळ वापरायची तर तो उघड्या जमिनीवर उताणा ठेवू नये. कॅमेऱ्याच्या फुगवट्यामुळे तो मुळातच तिरका बसतो.

आता फळ्या. लाकडाच्या वखारीतून बाभळीच्या किंवा तशाच टणक लाकडाच्या, टायरपेक्षा चांगल्या रुंद आणि दोन्ही चाके एकदम मावतील एवढ्या, म्हणजे साधारण दीड मीटर लांब फळ्या कापून घ्याव्यात. काही दोन इंची, काही एक इंची. त्यांची टोके तासून उतरती करावीत. प्रत्येक चाकाखाली स्वतंत्र तुकडा ठेवण्याची पद्धत मुरमावर चालते, काळ्या जमिनीत ती मी वापरत नाही, कारण एक तुकडा दुसऱ्यापेक्षा बोटभर जास्त रुतला की इक्वलायझरचे तेच रामायण पुन्हा सुरू होते. लांब फळी दोन्ही चाकांना एकत्र धरते आणि भार अधिक जमिनीवर पसरवते. दोन थर लागल्यास वरची फळी दोन्ही टोकांना थोडी आखूड असावी, म्हणजे चढायला पायरी मिळते. मात्र दोन्ही टायर जेवढे टेकतात तेवढे पूर्णपणे तिच्यावर मावले पाहिजेत. टायरचा अर्धा भाग फळीबाहेर लोंबकळत ठेवणे म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंती आतून तोडण्याची व्यवस्था करणे होय.

बहुतेक जण पुढची गोष्ट करत नाहीत आणि सकाळी उठून जमिनीला दोष देतात. फळ्या फक्त खालच्या बाजूला घातल्या, तर त्या बाजूचा भार पसरतो आणि उंच बाजूची दोन चाके उघड्या मातीवर राहतात. रात्रीतून ती चाके रुततात आणि आदल्या संध्याकाळी मध्यावर आणलेला बुडबुडा दुसऱ्या दिशेला पळतो. म्हणून काळ्या जमिनीत दोन्ही बाजूंना एकेक सारख्याच जाडीची बैठकीची फळी घालावी आणि खालच्या बाजूला तिच्यावर उंचीची फळी चढवावी. वरच्या उदाहरणातील साडेचार सेंटिमीटरसाठी मी दोन इंची फळी घेईन. भाराने ती बाजू किंचित जास्त बसतेच. उन्हाळ्यात भेगा रुंद असतील, तर फळी भेगेच्या रेषेत न ठेवता तिला आडवी जाईल अशी ठेवावी.

चढवण्याआधी चारही चाकांच्या जागी बाजूला खुंट्या ठोकून खूण करावी, ट्रेलर दोन मीटर मागे घ्यावा, खुणांच्या रेषेत फळ्या मांडाव्यात आणि मग सावकाश पुढे यावे. चाकाशेजारी एक माणूस उभा असावा, पण ट्रेलर आणि बांध यांच्या मध्ये कधीही नाही. जागामालक हौसेने हे काम करतात; त्यांना आधीच सांगून ठेवावे की, “भाऊ, ‘येऊ द्या, येऊ द्या’ कितीही वेळा म्हणा, पण ‘बस’ एकदाच आणि जोरात म्हणा.” थांबल्यावर पाणसळ पुन्हा पाहावी. अर्ध्या बुडबुड्याचा फरक राहिला आणि तो सिंकचे पाणी जाते त्या बाजूला असला, तर मी त्याला हात लावत नाही.

या टप्प्यावर दिले जाणारे तीन सल्ले मुळीच ऐकू नयेत. विटा किंवा दगड रचू नयेत. वीट भाराखाली फुटते आणि दगड सरकतो. उंच बाजूच्या टायरमधील हवा कमी करू नये. उंच बाजूच्या चाकांखाली खड्डा खणण्याचा उपाय कोरड्या मुरमावर कधीमधी चालून जातो, परंतु काळ्या जमिनीत त्या खड्ड्यात वळवाचे पाणी साचते आणि मग ट्रेलर ट्रॅक्टरनेच काढावा लागतो.

उरलेले काम

दोन्ही बाजूंना, दोन चाकांच्या मध्ये घट्ट बसणारी अटकण लावावी आणि शिवाय उताराच्या बाजूने ठोकळे द्यावेत. अटकण लावल्याशिवाय गाडी सोडवू नये.

तोंडाकडील जॅकखाली मोठी फळी हवी, याचे साधे गणित आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तोंडावर असतो, म्हणजे २,००० किलोच्या ट्रेलरला २०० ते ३०० किलो. जॅकचे पाऊल १० सेंटिमीटर चौरस असेल तर २५० किलोचा भार दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो पडतो. खाली ३० सेंटिमीटर चौरस फळी घातली की तो नवव्या हिश्शावर येतो. जॅकने तोंड थोडे उचलावे, जोडणी सोडवावी, गाडी पुढे घ्यावी आणि पाणसळ आता लांबीच्या दिशेने ठेवून कल काढावा.

चार कोपऱ्यांचे आधार-जॅक शेवटी, फळीच्या तुकड्यांवर, हाताला घट्ट लागतील इतकेच फिरवावेत. ते ट्रेलर हलू नये यासाठी असतात, उचलण्यासाठी नव्हे. त्यांनी कोपरा उचलला की सांगाडा पिळवटतो, आणि त्याची पहिली तक्रार दार करते. दार अर्धे उघडून सोडावे. ते आहे तेथेच राहिले आणि बंद करताना चौकटीला घासले नाही, तर काम झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणसळ एकदा पाहावीच. काळ्या जमिनीत पहिल्या रात्रीच सर्वांत जास्त बैठक होते. तोंडाचा जॅक दोन फेरे फिरवावा लागला तर त्यात वावगे काही नाही, मात्र आधी कोपऱ्यांचे जॅक सैल करावेत. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला, तर माती फुगून एक बाजू वरही येऊ शकते. आभाळ भरून आले आणि पुढील वाट पाणंदीची असेल, तर पाऊस सुरू होण्यापूर्वीच ट्रेलर डांबरी रस्त्यावर काढावा.

निघताना क्रम नेमका उलटा ठेवावा: आधी कोपऱ्यांचे जॅक वर, मग गाडी जोडणे, मग अटकण काढणे, आणि शेवटी फळ्यांवरून उतरणे. फळ्यांना चिकटलेली ओली माती खरवडत बसू नये. त्या उन्हात वाळू द्याव्यात आणि एकमेकींवर आपटाव्यात, म्हणजे ढेकळे आपोआप सुटतात.