हजेरीपट मालकाकडे असेल, तर तो न्यायालयामार्फत मागवा
नोटीस आणि भरपाईविना कामावरून काढल्याच्या दाव्यात बारा महिन्यांत 240 दिवस काम केल्याचे सिद्ध करण्याचा भार प्रथम कामगारावर असतो, मात्र हजेरीपट आणि पगारपत्रक बहुधा मालकाच्याच कपाटात असते. त्यामुळे मुंबईच्या कामगार न्यायालयात साक्षीपूर्वीच कागदपत्रे हजर करण्याचा अर्ज द्यावा आणि त्यात ‘सर्व नोंदी’ असे मोघम न लिहिता कोणत्या महिन्यांचा, कोणत्या विभागाचा हजेरीपट हवा ते स्पष्ट नमूद करावे. केवळ हजेरीपट आला नाही एवढ्यावरून, तो दडवल्याचे म्हणणे मांडलेले नसताना, मालकाविरुद्ध निष्कर्ष काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये म्हटले आहे; तोंडी तक्रारीवर तर मुळीच विसंबू नये. गेटपास आणि पीएफचे पासबुक सोबत जोडावे.