मियाटाचे ब्रेक थंड ठेवायचे तर

वडील एसटीत ड्रायव्हर. पसरणी घाटात ते सांगायचे, ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर, ब्रेक तापवू नकोस. कॅलिफोर्नियात लगुना सेकाच्या ट्रॅकवर हे चालत नाही. तिथे ब्रेक तापवायलाच जातो आपण. चौथ्या लॅपला दुसऱ्या वळणाआधी माझं पेडल थेट तळाला टेकलं. ब्रेकचं ऑइल उकळलं होतं.

माझी मियाटा, म्हणजे माझदाची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, १९९१ ची, १.६ लिटर इंजिनची. तिच्या पुढच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि ब्रेक पॅड ज्यांना आवळतात त्या लोखंडी तबकड्या, २३५ मिमी व्यासाच्या आणि १८ मिमी जाड. गाडी ताशी १५० किमीवरून ६० वर आणताना दोन लिटर पाण्याला सहज उकळी येईल एवढी उष्णता निघते. एवढंसं लोखंड ती किती झेलणार?

भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्क घेऊ नका. भोकं पाडली की लोखंड कमी होतं, आणि ट्रॅकवर तिथूनच तडे जातात. त्यापेक्षा १९९४ ते ९७ च्या १.८ लिटर मियाटाच्या साध्या डिस्क घ्या: पुढे २५५ मिमी, जाडी २० मिमी, मागे २५१ मिमी. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे, जुनेच चालतात, त्यांना धरणारे ब्रॅकेट मात्र १.८ चे लागतात. १४ इंची चाकंही तीच राहतात. फक्त पुढचे बदलून थांबू नका, ब्रेकचा जोर पुढे जास्तच जातो.

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. कॅलिपर काढला की तारेने वर टांगा, ऑइलच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. मग हब, म्हणजे डिस्क जिच्यावर बसते ती मधली बैठक. इथे मी अर्धा तास घालवतो. गंजाचा एक कण राहिला तरी डिस्क वाकडी फिरते, आणि ०.१ मिमीच्या वर डगडग चालत नाही. तारेच्या ब्रशने हब लखलखीत करा. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. मागचा पत्र्याचा डस्ट शील्ड मोठ्या डिस्कला घासतो, तो थोडा वाकवा किंवा कापा. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलमधल्या आकड्याला.

हवेचा पाइप लावणार असाल तर त्याचं तोंड डिस्कच्या मधोमध, हबकडे ठेवा. डिस्कच्या दोन थरांमधल्या पाकळ्या तिथूनच हवा ओढून कडेने बाहेर फेकतात. नुसत्या बाहेरच्या तोंडावर फुंकलं तर एकच बाजू गार होते.

ब्रेकचं ऑइल नवं, किमान डॉट ४ दर्जाचं. कोरडं असताना ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलं की मर्यादा १५५ वर येते. म्हणून दर ट्रॅक-डेआधी मी बदलतो.

मग पॅड आणि नव्या डिस्क एकमेकांना नीट बसाव्यात म्हणून मोकळ्या रस्त्यावर १०० वरून २० वर आठ-दहा वेळा आणा, पूर्ण थांबू नका, आणि पंधरा मिनिटं हळू फिरवून गार करा. ट्रॅकवरून आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे ठोकळा लावा. एसटीच्या डेपोत लावत असत तसा.