आईची रक्ततपासणी आणि हयातीचा दाखला, एकाच सकाळी

नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला आणि साखरेची तपासणी एकाच फेरीत होते, फक्त लॅब आधी. किमान 8 तास उपाशीपोट हवं. साधं पाणी चालतं, चहा नाही. मधुमेहाची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा. पहिलं रक्त दिल्याबरोबर नाश्ता, घरचा डबा उत्तम. दुसरं रक्त 2 तासांनी देतात. हे 2 तास पहिल्या घासापासून मोजतात, नाश्ता संपल्यापासून नव्हे. मोबाइलवर गजर लावा, आणि मधे काही खाणं नको, बँकेतला चहासुद्धा.

त्या वेळात बँक. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक, पासबुक आणि ओटीपी येणारा फोन सोबत घ्या. रांगेत तुम्ही उभे राहा, आईला बसू द्या. उतारवयात बोटांच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते, म्हणून दाखल्यासाठी लागणारा बोटाचा ठसा यंत्र कधीकधी घेत नाही. हात धुऊन पुसा, दुसरं बोट लावा. अंगठ्याचाच हट्ट नको. तरीही जमलं नाही तर चेहऱ्यावरून ओळख पटवता येते: चष्मा काढून, उजेडाकडे तोंड करून. हे घरी अँड्रॉइड फोनवरही होतं, तेव्हा आई थकली असेल तर तिला ताटकळत ठेवू नका.

प्रमाण आयडीचा (डिजिटल दाखल्याच्या क्रमांकाचा) मेसेज म्हणजे दाखला तयार झाला, मंजूर झाला असं नव्हे. पीपीओ क्रमांक चुकला तर तो नाकारला जाऊ शकतो. काही दिवसांनी जीवन प्रमाण या सरकारी डिजिटल हयात-दाखला सेवेच्या संकेतस्थळावर स्थिती तपासा.