ह्यूगोत नवं पान काढताय? या चुका टाळा

"सर, पान दिसंना झालंय." लातुरात माझ्याकडं ह्यूगो, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींवरून वेबसाइट बांधणारं सॉफ्टवेअर, शिकायला येणाऱ्या लेकरांचा पहिला फोन हाच असतो. फाइल उघडून बघितली का, विचारलं तर गप्प. 'ह्यूगो न्यू कंटेंट' ही कमांड पान काढतानाच वर 'ड्राफ्ट = ट्रू' लिहून ठेवते, आणि कच्चं पान ह्यूगो साइटवर घेत नाही. लिहून झालं की ट्रूचं फॉल्स करायचं, संपलं. पण धीर कुठाय? कुठल्यातरी व्हिडिओत बघून कॉन्फिगमध्येच, म्हणजे सगळ्या साइटच्या सेटिंगच्या फाइलीत, 'बिल्डड्राफ्ट्स = ट्रू' टाकतात आणि अर्धवट पानं जगाला दाखवतात. कच्चं बघायचंच असेल तर आपल्या मशीनवर 'ह्यूगो सर्व्हर -डी' चालवा की! ह्यूगो तयार पानं 'पब्लिक' फोल्डरमध्ये टाकतो; एकदा बांधलेलं पान तिथून आपोआप जात नाही, म्हणून साइट चढवायच्या आधी मी ते फोल्डरच उडवतो.

'ह्यूगो न्यू साइट' नुसता सांगाडा देते, थीम, म्हणजे साइटचं रंगरूप, देत नाही. कोरं पान बघून ह्यूगो पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका.

कमांड साइटच्या फोल्डरमध्ये जाऊन द्या. डेस्कटॉपवरून नाही.

जुन्या धड्यांत 'कॉन्फिग.टॉमल' असतं. २०२३ मधल्या ०.११० आवृत्तीपासून ते 'ह्यूगो.टॉमल' झालं. जुनं नाव चालतं, पण दोन्ही फाइली ठेवून गोंधळ घालू नका.

आता तारीख. सोयाबीनच्या हंगामात माझ्या एका विद्यार्थ्यानं आडत दुकानासाठी रोजच्या भावाची साइट केली. सकाळी ११ ला भाव टाकून साइट चढवायचा, पान गायब. संध्याकाळी पुन्हा बांधली की हजर! पठ्ठ्यानं नेटला शिव्या घातल्या, होस्टिंगसुद्धा बदललं. आठवडाभर भाव बघणाऱ्याला सकाळी कालचाच आकडा. शेवटी मी फाइल उघडली. कमांड वेळ लिहिते ती '११:००:००+०५:३०' अशी, आणि यानं +०५:३० पुसलेलं. ते नसलं आणि कॉन्फिगमध्ये टाइमझोनही नसला, की ह्यूगो ती वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ, धरतो. म्हणजे आपले दुपारचे साडेचार. तोवर पान भविष्यातलं, आणि भविष्यातलं पान ह्यूगो बांधत नाही.

मी नव्या साइटमध्ये सगळ्यात आधी 'टाइमझोन = एशिया/कोलकाता' लिहितो. तरी पान दिसलं नाही, तर 'ह्यूगो लिस्ट फ्यूचर' मारून भविष्यातल्या पानांची यादी बघतो.

"पुसलंस काहून रे?"

"सर, ते शेपूट बरं दिसंना."