नेपल्समध्ये घर घेण्यापूर्वी काम्पी फ्लेग्रेईचा धोका कसा तपासावा

नेपल्स विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेच्या अनेक इमारती फुओरिग्रोत्ता भागात आहेत आणि हा भाग काम्पी फ्लेग्रेई या महाज्वालामुखीच्या लाल क्षेत्रात, म्हणजे उद्रेकापूर्वी पूर्ण रिकाम्या करायच्या भागात येतो. तेथे शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्याने भाडेकरार करण्यापूर्वी या धोक्याची चौकशी अवश्य करावी.

सुमारे 40,000 वर्षांपूर्वीचा येथील महाउद्रेक बातम्यांत वारंवार येतो. परंतु घर निवडताना 1538 चा उद्रेक डोळ्यांसमोर ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. तुलनेने लहान असूनही त्या उद्रेकातून आठवडाभरात माँते नुओव्हो हा नवा डोंगर उभा राहिला आणि त्रिपेरगोले हे गाव नष्ट झाले. त्याआधी तेथील पोत्सुओली या शहराचा किनारा इतका वर उचलला गेला होता की समुद्र मागे हटून मासे कोरड्या जमिनीवर पडले होते. आजच्या दाट वस्तीत तेवढा उद्रेकही अनर्थ घडवील.

त्यानंतर इटलीच्या नागरी संरक्षण विभागाच्या नकाशावर घराचा पत्ता पाहावा. लाल क्षेत्रात सुमारे पाच लाख लोक राहतात. तेथे तप्त वायू आणि राखेचे लोट जमिनीलगत वेगाने येण्याचा धोका असल्याने कितीही मजबूत घर आसरा देऊ शकत नाही. उद्रेकापूर्वी बाहेर पडणे हाच उपाय आहे. पिवळ्या क्षेत्रात मुख्य धोका राखेचा आहे. ओल्या राखेचा दहा सेंटिमीटरचा थरही छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर शंभर किलोंहून अधिक भार टाकू शकतो, म्हणून तेथे छताची मजबुती विचारावी.

क्षेत्राचा रंग आणि इशाऱ्याचा रंग यांची गल्लत करू नये: पहिला जागेचा धोका सांगतो, दुसरा ज्वालामुखीची सध्याची स्थिती. डिसेंबर 2012 पासून पिवळा इशारा लागू आहे. नारिंगी इशाऱ्यात रुग्णालये रिकामी केली जातात आणि लाल क्षेत्रातील ज्यांना जायचे असेल त्यांना आधीच निघता येते. माझ्या मते परदेशी विद्यार्थ्याने त्याच वेळी निघावे. लाल इशारा मिळाल्यावर 72 तासांत लाल क्षेत्र रिकामे करण्याची योजना आहे: 12 तास तयारीचे, 48 तास बाहेर पडण्याचे आणि 12 तास राखीव.

जमीन वर उचलली जात आहे, एवढ्यावरून उद्रेक ठरलेला आहे असे समजू नये. 1982 ते 1984 या काळात ती पोत्सुओलीत सुमारे 1.8 मीटर उचलली गेली आणि सुमारे 40,000 लोकांना हलवावे लागले, तरी उद्रेक झाला नाही. 2005 पासून ती पुन्हा वर येत आहे. या ज्वालामुखीवरही लक्ष ठेवणाऱ्या व्हेसुव्हियस वेधशाळेच्या साप्ताहिक अहवालात या उचलीचा वेग, भूकंप आणि वायूंचे प्रमाण एकत्र पाहावे.

रोजच्या जगण्यात भूकंपाचा धोका अधिक जवळचा आहे. येथील बरेच धक्के जमिनीखाली अवघ्या दोन-तीन किलोमीटरवर होतात, त्यामुळे मध्यम तीव्रतेचा धक्काही जोराचा जाणवतो. 20 मे 2024 रोजीच्या 4.4 तीव्रतेच्या धक्क्यानंतर शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. म्हणून इमारत कधी बांधली आणि तिची भूकंपरोधक तपासणी झाली आहे का, हे घरमालकाला स्पष्ट विचारावे. राहायला गेल्यावर आपल्या भागातील नेमून दिलेल्या प्रतीक्षास्थळापर्यंत (बाहेर पडण्यासाठी जमण्याच्या जागेपर्यंत) एकदा चालत जाऊन यावे आणि पासपोर्ट, निवास परवाना व नेहमीची औषधे एकाच पिशवीत दाराजवळ ठेवावीत.