गावची निवडणूक लढवा, पण बोलणं तुटू देऊ नका
ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनेल असतं. समोर बहुतेकदा भावकीतलाच माणूस उभा राहतो. म्हणून अर्ज भरण्याआधी त्याच्या घरी जा. ‘अण्णा, यंदा मी तुमच्याविरुद्ध उभा राहतोय,’ हे तुमच्याच तोंडून कळू द्या. पारावर कळलं की मन दुखतंच.

प्रचारात गटार, पाणीपट्टी, वित्त आयोगाचा निधी यांवर कडक बोला. मोडलेली सोयरीक, जुनी उधारी काढू नका. आपला कार्यकर्ता काढायला लागला तर माईक तिथल्या तिथे हातात घ्या. मयत आणि लग्न चुकवू नका.

खरा नाजूक दिवस निकालाचा. मिरवणुकीचा रस्ता आदल्या रात्रीच ठरवा. हरलेल्याच्या दारापुढे डीजे थांबवायचा नाही, गुलाल उधळायचा नाही. माझ्या मते निम्मी वैरं तिथंच जन्मतात.

२००६ साली सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांनी उमेदवार दिला नाही. शरद पवारांशी राजकीय वैर असूनही. कार्यकर्त्यांना हे जरूर सांगा.

हरलात तर दुसऱ्या सकाळी हार घेऊन जा. जिंकलात तर ग्रामसभेत अण्णांना आधी बोलू द्या आणि त्यांचं एक तरी काम विकास आराखड्यात घ्या.